तीन प्रतींतला नाच

एकसष्टाव्या वर्षी माणूस वादक होतो, तेव्हा त्यात त्याचा स्वतःचा दोष फार थोडा असतो. माझा तर मुळीच नव्हता. मी आपला जेवणाच्या टेबलाशी बसून सोसायटीला गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाबद्दल पत्र टाइप करत होतो. झाकणाबद्दलचं हे सातवं पत्र. आधीच्या सहा पत्रांना उत्तर आलं नव्हतं, म्हणून सातव्यात त्या सहांचे संदर्भ दिले होते आणि संदर्भच दीड पान झाले होते. झाकण अजून यायचंच होतं.

एकतीस वर्षं मी एका कार्यालयात टंकलेखक होतो. टाइपिस्ट म्हणालात तरी मला राग नाही, पण टंकलेखक म्हटलं की मान जरा ताठ होते. ऑफिसात संगणक आले, ते चालवणारी तरुण मंडळी आली, त्यांना माझ्याआधी चष्मे लागले, तरी मी माझा टाइपरायटर सोडला नाही. काही तक्ते आणि काही साहेब असे होते की त्यांना संगणक मानवत नव्हता. निवृत्त झालो त्या दिवशी ऑफिसने तो टाइपरायटर मलाच देऊन टाकला. लोकांना वाटलं, काय मान दिला! खरं म्हणजे तो तिथून हलवायचा कुणी, एवढाच प्रश्न होता.

तर पत्र चालू असताना आमची मुलगी घरात शिरली आणि तिच्या मागून एक लांबच लांब तरुण. मुलीला आम्ही बुटकी म्हणतो. ती आता माझ्याहून चार बोटं उंच आहे, पण नाव बदलण्याचा अर्ज तिच्याकडून आलेला नाही. ती नाचते. नाच म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ते मात्र नव्हे. तिच्या नाचात गाणं नाही, भरजरी कपडे नाहीत, हसू नाही. ती जमिनीवर पडते, उठते, भिंतीकडे बघते आणि पुन्हा पडते. पडायला शिकण्यासाठी चार वर्षं कशाला लागतात, यावर आमच्या घरात एकदा मोठी चर्चा झाली होती. त्या चर्चेत मी हरलो, त्यामुळे तो विषय आता काढत नाही.

बरोबरचा तरुण संगीतकार निघाला.

"काय वाजवता आपण?" मी विचारलं.

"सगळंच," तो म्हणाला.

मला वाटलं, पोरात नम्रता जरा कमी आहे. पण ते शब्दशः खरं होतं. दाराची बिजागरी, पत्र्याचा डबा, फ्रिज, छत्री उघडताना होते ती फडफड, यातलं काहीही त्याला वर्ज्य नव्हतं. सगळ्याला तो छोटे छोटे माइक चिकटवायचा आणि त्यातून निघालेल्या आवाजाकडे कौतुकाने बघत बसायचा. घरात येऊन दहा मिनिटं झाली नव्हती, तर हा स्वयंपाकघरात गळक्या नळासमोर डोळे मिटून उभा.

"काकू, हा दुरुस्त करू नका हां. साडेचार मात्रांनी पडतोय."

ज्या नळासाठी बायको चार महिने प्लंबरच्या आणि माझ्या मागे लागली होती, त्याचा हा असा सत्कार. तिने तिथल्या तिथे त्याचं नाव आवाजवाला ठेवलं. मला मात्र तो एकदम आवडायला लागला. नळ न दुरुस्त करण्यामागे काही तत्त्व असू शकतं, हे मला इतके दिवस सुचलं नव्हतं.

मी पुन्हा झाकणाकडे वळलो. दोन ओळी झाल्या असतील, तोच तो धावत बाहेर आला आणि ओरडला, "थांबू नका काका! हेच! हेच पाहिजे होतं!"

बुटकी दाराला टेकून गालात हसत होती. तिला बहुधा आधीपासून माहीत होतं की हेच पाहिजे होतं, आणि ते त्याच्या तोंडून यावं म्हणूनच तिने त्याला घरी आणलं होतं. हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

प्रकरण असं होतं. दोघं मिळून एक प्रयोग बसवत होते. ती नाचणार, तो तिथल्या तिथे आवाज काढणार, आणि पन्नास मिनिटं हे चालणार. प्रयोगाला एका मोठ्या नृत्यसंस्थेच्या संचालिका येणार होत्या. त्यांना आवडलं तर बुटकीला त्यांच्या मंडळीत जागा. नाही आवडलं तर सोमवारपासून विमा कंपनीतली नोकरी मुकाट्याने धरायची, असा शब्द तिने आईला दिला होता. कंपनीचं पत्र येऊन फ्रिजवर लोहचुंबकाखाली लटकत होतं. सोमवार सकाळी साडेनऊ, असं त्यात स्पष्ट होतं. पत्र नीट टाइप केलेलं नव्हतं, समास सरळ नव्हता, पण नोकरी चांगली होती.

"बाबा, टाइपरायटर हवाय. आणि तो चालवणारे तुम्ही," बुटकी म्हणाली.

"स्टेजवर?"

"स्टेजवर."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार मी उभ्याउभ्याच केला. आयुष्यभर साहेबांच्या केबिनबाहेर खडखडलेल्या माणसाला कुणी वादक म्हणून बोलावतं, तेव्हा फार विचार करणं हा उद्धटपणा झाला असता.

सभागृह सार्वजनिक होतं, म्हणून परवाना काढायचा होता. ही जबाबदारी मी स्वतःकडे घेतली, कारण कागद कसा पुढे सरकतो हे त्या दोघांना काय कळणार! आवाजवाल्याला मी अनुभव मिळावा म्हणून बरोबर नेलं. परवाना कार्यालयाच्या खिडकीमागे एक गृहस्थ बसले होते. टेबल लख्ख, पेन्सिलींना टोक, शिक्क्यांची रांग. पाहूनच मन भरून आलं.

"प्रकार?" त्यांनी विचारलं.

"नाच आणि संगीत."

"एकच खूण करायची. गायन, वादन, नृत्य, नाटक, व्याख्यान."

"नृत्य करा मग."

"मग वादन चालणार नाही."

"बरं, वादन करा."

"मग नृत्य कशाला?"

हा प्रश्न आमच्या घरात चार वर्षं विचारला जात होता. शेवटी त्यांनीच 'इतर' असा एक रकाना पट्टीने आखला आणि वाद्यांची यादी मागितली. आवाजवाल्याने ती माझ्या सांगण्यावरून नीट लिहून आणली होती. बिजागरी, एक. पत्र्याचा डबा, एक. नळ, गळका, ध्वनिमुद्रित. टंकलेखन यंत्र, एक. परवानेवाल्यांनी शेवटच्या नोंदीवर पेन्सिल टेकवली.

"यंत्रातून मजकूर येतो."

"येतो," मी म्हटलं.

"म्हणजे रंगमंचावर मजकूर तयार होणार. म्हणजे संहिता आली. संहिता आधी मंजूर करून घ्यायची."

"पण काका काहीही टाइप करणार आहेत!" आवाजवाला म्हणाला. "अक्षरं महत्त्वाची नाहीतच, आवाज–"

"काहीही म्हणजे?" परवानेवाले आणि मी एकदमच विचारलं. आम्ही दोघांनी त्याच्याकडे एकाच नजरेने पाहिलं. त्या क्षणी मी कुठल्या बाजूचा आहे हे मला कळलं आणि जरा अपराधी वाटलं.

तर संहिता आली. ती मी त्याच दुपारी बसून तयार केली. विषय: टंकलेखनाचा ध्वनी नृत्याच्या उपयोगार्थ सादर करण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सोबतची नर्तिका प्रथम उभी राहते, तदनंतर डाव्या बाजूस पडते, पडण्याचे कारण उपलब्ध नाही. अशी साडेचार पानं. आजवर मी दुसऱ्यांची पत्रं टाइप करत आलो; स्वतःचं म्हणावं असं झाकण सोडून हे पहिलंच लेखन. परवानेवाल्यांनी ते दोनदा वाचलं आणि एकच दुरुस्ती केली. 'पडते' सगळीकडून काढून तिथे 'जमिनीशी संपर्क साधते' घातलं. "पडते लिहिलं, की जबाबदारी कुणाची हा प्रश्न येतो," ते म्हणाले. मी मनातल्या मनात त्यांच्यापुढे हात जोडले.

त्यांनी आणखी एक अट घातली. रंगमंचावर जे टाइप होईल ते मंजूर संहितेशी जुळतं की नाही हे पडताळायला ते जातीने येणार, आणि त्या मजकुराच्या तीन प्रती प्रयोग संपल्यासंपल्या त्यांच्या हातात द्यायच्या.

"नंतर झेरॉक्स काढू की," आवाजवाला.

"झेरॉक्स म्हणजे प्रत नव्हे. प्रत एकाच वेळी निघते," परवानेवाले म्हणाले. म्हणजे स्टेजवर कार्बन लावून टाइप करायचं. कार्बन हल्ली कुठे मिळतो? सात दुकानं फिरलो. एका दुकानदाराने तर कार्बन म्हणजे काय हे विचारून घेतलं आणि नंतर आतून आपल्या वडिलांना बोलावून मला दाखवलं. शेवटी त्या वडिलांच्याच कपाटात तळाशी एक पाकीट सापडलं.

तालमी आमच्या दिवाणखान्यात सुरू झाल्या. सोफा उभा करून भिंतीला लावला, टीपॉय बाल्कनीत गेला, आणि नातेवाईक आले तर बसवायचं कुठे या प्रश्नावर बायकोने परस्पर उत्तर शोधलं, की त्यांना बोलवायचंच नाही. या सोयीबद्दल ती आवाजवाल्याला आवडीने खायला घालू लागली.

बुटकी जमिनीशी संपर्क साधायला लागल्याबरोबर खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. वकील भांडायला येतात तेव्हा आधी पाणी मागतात, मग बसतात, मग विषय काढतात. पण बसायला सोफाच नव्हता. उभ्याउभ्या भांडण त्यांना जमेना, म्हणून ते तालीम बघत राहिले, आणि बघता बघता रोज येऊ लागले. शेजारच्या दारातून गायनाच्या बाई आल्या. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "सम कुठे आहे?"

"सम नाही," आवाजवाला म्हणाला.

बाई भिंतीला टेकल्या. "नाही म्हणजे? हरवली?"

"ठेवलीच नाही, ताई."

दुसऱ्या दिवशी त्या एक लाकडी लंबक घेऊन आल्या. टक टक करत ताल मोजणारा. तो टाइपरायटरशेजारी ठेवून म्हणाल्या, यांच्याकडे लक्ष देऊ नका, तुम्ही याच्याबरोबर चला. मी चाललो. मिनिटाला साठ शब्द, एका लयीत, ओळ संपली की घंटी, घंटी झाली की रोलर मागे. बाईंनी मान डोलावली. इतक्या वर्षांत माझ्या टंकलेखनाला कुणी मान डोलावली नव्हती. मी खूश झालो.

बुटकी मात्र नाचायची थांबली.

"बाबा, तुम्ही फार सारखं वाजवता."

"मग? वाकडं वाजवू?"

"हो. मध्येच थांबा. अडखळा. चुका की जरा!"

आता याला काय म्हणावं! एकतीस वर्षांत माझ्या हातून एक चुकीचा कागद बाहेर गेलेला नाही. साहेब बदलले, खाती बदलली, इमारत बदलली, पण माझ्या कागदाकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नाही. आणि आता पोटची पोर मला चुका करायला सांगते. त्यातून समोर मंजूर संहिता. मी तिला समजावलं, की चूक ही होत असते, करता येत नाही. ती म्हणाली, मग होऊ द्या. मी म्हटलं, होत नाही. संवाद तिथेच संपला आणि आम्ही पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

एवढ्यावर भागलं असतं. पण प्रयोगाला चार दिवस उरले असताना वकील एकाएकी मांडीवर हात मारून ओरडले, "अहो, ही तर तुम्हीच!"

"कोण?"

"तुमची मुलगी! तुमची हुबेहूब नक्कल करतेय. बघा की!"

मी बघितलं. आतापर्यंत मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. टंकलेखकाची नजर कागदावर हवी. बुटकीची मान कागदावरून यंत्राकडे आणि यंत्रावरून कागदाकडे वळत होती. तिने मनगटाच्या मागच्या बाजूने न लावलेला चष्मा वर सरकवला. बोट जिभेला लावून नसलेलं पान उलटलं. मग पाठ ताठ करून, ओठ मुडपून, डाव्या हाताने रोलर मागे ढकलल्यासारखं केलं. वकील हसले. गायनाच्या बाई हसल्या. दारात उभी असलेली बायको पदर तोंडाला लावून हसली, आणि ते मला सर्वांत जास्त लागलं. माझ्या पाठीमागे महिनाभर हे चालू होतं, सगळ्यांना दिसत होतं, आणि मी आपला वादक म्हणून तोऱ्यात बसलेलो.

मी उठलो. टाइपरायटरवर झाकण घातलं. माझी तब्येत बरी नाही, असं सांगितलं आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झालो. भिंतीकडे बघण्यात काही अर्थ असू शकतो हे मला तेव्हा प्रथमच पटलं.

दोन दिवस मी बोललो नाही. म्हणजे जेवायला वाढा, चहा झाला का, एवढं बोललो. माणसाने अगदी टोकाला जाऊ नये. बुटकी दाराशी येऊन उभी राहायची आणि जायची. तिला काही सांगायचं होतं, पण मी वर्तमानपत्र उघडून धरायचो. आवाजवाला आला आणि चांगल्या मनाने म्हणाला, "काका, नसेल जमत तर टेन्शन घेऊ नका. तुमचं टाइपिंग माझ्याकडे रेकॉर्ड आहे. तेच लावू." माझ्याऐवजी माझंच रेकॉर्डिंग! ऑफिसने संगणक आणले तेव्हासुद्धा इतकं वाईट वाटलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बायको आत आली. तिच्या हातात फ्रिजवरचं विमा कंपनीचं पत्र होतं. तिने ते माझ्या छातीवर ठेवलं.

"उद्याचा प्रयोग पडला तर सोमवारी साडेनऊला ती खुर्चीत जाऊन बसेल. अगदी तुमच्यासारखी. मग करू दे आयुष्यभर तुमची नक्कल."

"तूच तर नोकरीचं बोलली होतीस."

"बोलले होते. काळजी वाटते म्हणून बोलले. म्हणून काय तुम्ही तिला तिथे ढकलणार?"

मी पत्र उचललं. समास खरोखरच वाकडा होता. मी म्हटलं, "परवान्यावर टंकलेखक म्हणून माझं नाव आहे. ऐनवेळी माणूस बदलला तर नव्याने अर्ज करावा लागेल. त्यासाठी जातो." बायको म्हणाली, "त्यासाठीच जा." आणि चहा ठेवायला गेली.

शनिवारी साडेसहाचा प्रयोग. सभागृह लहान होतं, पण अर्ध्याहून जास्त भरलं होतं. दुसऱ्या रांगेत बायको, वकील, आणि लंबक पर्समध्ये घालून आणलेल्या गायनाच्या बाई. पहिल्या रांगेच्या टोकाला परवानेवाले, मांडीवर मंजूर संहिता, हातात पेन्सिल. मध्यभागी आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. त्याच संचालिका.

माइकच्या तारा पुरत नव्हत्या, म्हणून आवाजवाल्याने माझं टेबल स्टेजच्या पुढच्या कोपऱ्यात असं लावलं, की माझी पाठ बुटकीकडे. मला ते बरंच वाटलं. आपली नक्कल आपण बघायची नाही, एवढी तरी सवलत मिळाली. मी तीन कागद घेतले, मध्ये दोन कार्बन घातले, कडा जुळवल्या आणि रोलरवर चढवले.

सुरुवात झाली. मागे बिजागरी कण्हू लागली, आमचा स्वयंपाकघरातला नळ भिंतीएवढा मोठा होऊन ठिबकू लागला, आणि माझ्या पहिल्या अक्षराचा आवाज असा आला की मी स्वतः दचकलो. मग सावरलो. विषय झाला, संदर्भ झाले, उपरोक्त विषयास अनुसरून झालं. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. सगळं मिनिटाला साठ, नेहमीसारखं. मागून वहाणा न घातलेल्या पायांचा आवाज येत होता. आवाजवाल्याने फळ्यांनाही माइक लावले होते. तिकडे लक्ष द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तिसऱ्या पानावर ते लक्षात आलंच. मी शब्द सुरू केला की पाऊल पडत होतं. घंटी झाली की श्वास. रोलर मागे गेला की तिचा पाय फळीवरून तेवढाच सरपटत जात होता. महिनाभर मी तिच्या पुढ्यात वाजवत होतो आणि मला वाटत होतं, ती माझ्या मागे हसते आहे. ती तर एकेक अक्षर ऐकत होती. 

आणि 'सादर' हा शब्द दोनदा पडला.

हात थांबले. सभागृहही थांबलं. समोर परवानेवाल्यांची पेन्सिल वर आली. आता इतर कुणी असता तर पुढे गेला असता; पन्नास माणसांत कुणाला कळणार होतं? पण तीन प्रतींत चूक होती. मी खिशातून खोडरबर काढला.

एका कागदावर खोडणं वेगळं आणि कार्बनसकट तीन कागदांवर वेगळं. पहिल्या कागदामागे कागदाचा तुकडा सरकवायचा, नाहीतर खालच्या प्रतीवर डाग पडतो. मग खोडायचं, हळू, नाहीतर भोक पडतं. भुगा फुंकायचा. मग दुसरी प्रत, पुन्हा तुकडा, पुन्हा खोडणं, पुन्हा फुंकर. मग तिसरी. माइकमधून खर्र खर्र असा आवाज सगळीकडे भरला. नळ थांबला. बिजागरी थांबली. कुणीतरी खोकलं आणि शेजाऱ्याने त्याला गप्प केलं. मला घाम फुटला होता. मागे काय चाललंय ते कळेना. पावलांचा आवाज येत नव्हता. पोरीचा प्रयोग मी बुडवला, एवढंच डोक्यात होतं. तरीही हात चालूच राहिले, कारण अर्धवट खोडून सोडणं मला येत नाही. तिन्ही प्रतींवर खोडाखोड झाली, म्हणून तिन्हींवर बाजूला बारीक सह्या केल्या. पेनचाही आवाज आला. परवानेवाल्यांनी मान हलवली, पेन्सिल खाली केली.

मग मी पुढचं अक्षर मारलं. त्याच क्षणी मागे धाडकन पाऊल पडलं आणि सबंध सभागृहाने श्वास सोडला.

संपल्यावर बराच वेळ टाळ्या वाजत होत्या. मी तीन प्रती जुळवून परवानेवाल्यांना दिल्या. त्यांनी तिथेच उभं राहून ताडून पाहिल्या आणि म्हणाले, "स्वच्छ काम आहे." संचालिका स्टेजवर आल्या. त्यांचा चेहरा अजूनही तसाच होता, पण त्यांनी बुटकीचा हात दोन्ही हातांत धरला होता. "ती मधली शांतता," त्या म्हणाल्या, "एवढं धाडस मी पुष्कळ वर्षांत पाहिलं नाही. सोमवारी सकाळी साडेनऊला या. आणि या गृहस्थांनाही आणा."

गायनाच्या बाई वकिलांना म्हणत होत्या, "ती होती बरं का सम. मला दिसली."

मेकअपच्या खोलीत बायको बुटकीची पोटरी चोळत बसली होती. "दोन मिनिटं दहा सेकंद!" ती मला म्हणाली. "मी घड्याळ लावून बघत होते. तुमचं खोडून होईपर्यंत पोरगी एका पायावर उभी होती. हललीसुद्धा नाही."

माझा चेहरा उतरला. "अगं, टेकायचा होतास ना पाय! मी चुकलो, त्यात तुला कशाला शिक्षा?"

"टेकायचा नसतो," बुटकी म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"शाळा सुटली की मी तुमच्या ऑफिसात यायचे ना, बाबा? आई घ्यायला येईपर्यंत. तुमच्या मागच्या बाकाजवळ. तुम्ही खोडरबर काढलात की मला कळायचं, आता वेळ लागणार. मग मी एक पाय वर घ्यायचे. तुमचं खोडून होईपर्यंत टेकायचा नाही, असा माझा खेळ होता. तेच तर नाचात घातलंय. मान, चष्मा, पान उलटणं. तेव्हा दुसरं बघायला काय होतं मला? सांगणार होते, पण तुम्ही पेपर उघडलात."

त्या बाकाकडे माझी पाठ असायची. ती तिथे बसून असते एवढंच मला माहीत होतं. कितीदा साहेबांचं तातडीचं म्हणून मी एकेक कागद पुन्हा पुन्हा खोडला असेल, आणि मागे ही एवढीशी पोर एका पायावर.

"दुखायचा ना गं पाय?"

"दुखायचा."

मी चष्मा काढून पुसला. मग म्हटलं, "यापुढे चूक झाली तर तशीच राहू देईन. खोडणार नाही." हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदाच उच्चारत होतो, त्यामुळे आवाज जरा चमत्कारिक आला.

बुटकीने पोटरी सोडवून घेतली आणि उभी राहिली. "नाही हो बाबा," ती म्हणाली. "खोडा. अगदी सावकाश खोडा. मी उभी आहे."